मोटार छोटी, मजुरी पुरी

आमच्या गटात सध्या प्लास्टिकच्या छोट्या मोटारी जोडायचं काम चालतं. शहरातले हौशी लोक सुटे भाग पाठवतात, आम्ही मोटार जोडून, रंगवून देतो. माप १:२४, म्हणजे ४ मीटरची गाडी साधारण १७ सेंटिमीटरची.

भाग चौकटीतून ओढून तोडू नका, कटरनं कापा. राहिलेली खूण पॉलिश पेपरनं घासा. साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा, मग प्रायमर. रंगाचा एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. पातळ दोन-तीन हात द्या, दर वेळी सुकू द्या.

गोंद आणि थिनरची वाफ अंगाला बाधते. तोंडाला बांधलेला पदर ती अडवत नाही. म्हणून बसायचं उघड्या पडवीत, चुलीपासून लांब. लेकरं आणि गरोदर बायका जवळ नकोत.

आता मजुरीचं. दर ठरवताना समोरचा फक्त जोडणी मोजतो. आमचा जास्त वेळ मात्र घासण्यात आणि रंगवण्यात जातो. हे फावल्या वेळचं काम नव्हे. प्रत्येकीचे तास वहीत लिहा आणि वही समोर ठेवूनच दर बोला.