लबाड तपासनीस

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ‘माझी आवडती मालिका’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी ‘करमचंद’ आणि ‘ब्योमकेश बक्षी’ सांगून टाकले, त्यामुळे मला परदेशी जाणं भाग आहे. मुलीकडे अमेरिकेत सहा महिने होतो तेव्हाची गोष्ट. बाहेर बर्फ, गुडघे दुखत होते, आणि जावयांच्या कपाटात ‘कोलंबो’ नावाच्या जुन्या मालिकेच्या डीव्हीडी सापडल्या. सौ. म्हणायची, अहो, त्याचा तो कोट तरी धुवायला सांगा कोणी!

हा कोलंबो म्हणजे लॉस एंजेलिसच्या पोलिसांतला लेफ्टनंट. चुरगळलेला रेनकोट, तोंडात सिगार, मोडकळीला आलेली प्यूजो गाडी. पीटर फॉक या नटाने तो असा केला आहे की आपल्या शेजारचाच कोणी वाटावा. दारापर्यंत जायचं आणि वळून “आणखी एकच विचारायचं राहिलं” म्हणायचं, ही त्याची खोड. मालिकेची गंमत अशी की खून कोणी केला हे आपल्याला सुरुवातीलाच दाखवतात. मग बघायचं काय? तर हा बावळट दिसणारा माणूस तिथवर पोचतो कसा ते.

मला सांगायचाय तो भाग 1971 सालचा, ‘डेथ लेंड्स अ हँड’. लेव्हिन्सन आणि लिंक या जोडीने लिहिलेला. त्यांना या लेखनाबद्दल एमी पुरस्कारही मिळाला. यातला खुनी स्वतःच तपासनीस आहे! ब्रिमर नावाच्या माणसाची खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सी असते, चकाचक ऑफिस, हाताखाली माणसं. एक बडा वृत्तपत्रमालक, केनिकट, त्याला काम देतो की माझी बायको इमानदार आहे का ते बघ. ती नसते. ब्रिमरला सगळा पुरावा मिळतो. तरी तो नवऱ्याला सांगतो, साहेब, निर्धास्त राहा. आणि मग बाईंना म्हणतो, मी तुम्हाला वाचवलं, आता नवऱ्याच्या वर्तुळातल्या बातम्या मला पुरवत जा. बाई बाणेदार. ती म्हणते, मीच नवऱ्याला सगळं सांगते. रागाच्या भरात तो हात उचलतो, ती पडते आणि मरते.

पुढचा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. ब्रिमरच्या चष्म्याच्या दोन काचांत आपल्याला तो स्वतःच दिसतो: पुसतोय, आवरतोय, प्रेत हलवतोय. चेहरा स्थिर आणि काचांत ही धावपळ. एक शब्द नाही.

आणि कळस म्हणजे केनिकट तपासाला मदत म्हणून याच ब्रिमरला नेमतो. कोलंबो हस्तरेषा बघायच्या मिषाने त्याचा हात हातात घेतो, बोटातली अंगठी बघतो, कारण बाईंच्या गालावर तसा व्रण असतो. ब्रिमर त्याला गलेलठ्ठ पगाराची नोकरी देऊ करतो. शेवटी हरवलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या सापळ्यात तो सापडतो. ब्रिमरची गाडी नेमकी तेव्हाच कशी बंद पडली, तर त्यात एका बटाट्याचा हात आहे. एवढंच सांगतो, बाकी बघा.

आता माझा प्रश्न. खून बाजूला ठेवा. ब्रिमरने पहिला गुन्हा कधी केला? “निर्धास्त राहा” असा अहवाल दिला तेव्हा. ते वाक्य ऐकलं आणि मला त्या बर्फात घाम फुटला.

1983 साली मी बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात होतो. एका तालुक्याच्या गावी शाखा तपासायला गेलो. एका व्यापाऱ्याला भुईमुगाच्या शेंगांच्या तारणावर कर्ज दिलेलं होतं. गोडाऊनची किल्ली बँकेकडे, वर आमचा गोडाऊन कीपर. पहिल्या दोन रांगांतली पोती उत्तम. मी मागे शिरलो. लोखंडी नळी खुपसली तर हातात टरफलं आली. दुसऱ्या पोत्यात टरफलं. तिसऱ्यातही.

शाखेचे मॅनेजर मला सीनियर. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्यांनी खटपट करून माझी बदली घराजवळ करून दिली होती. संध्याकाळी चहा पिताना ते एवढंच म्हणाले, “पंधरा दिवस द्या, माल पुरा करून घेतो.” पैशाचं नाव कोणी काढलं नाही. मी लिहिलं, ‘तारणमालाची पाहणी केली, किरकोळ तफावत.’ चार शब्दांत घरी गेलो असतो तर बरं, पण खाली माझी सही आहे.

माल पुरा झाला नाही. वर्षाच्या आत व्यापारी बुडाला, चौकशी लागली, आणि सस्पेंड कोण झालं? गोडाऊन कीपर. माझा अहवालच त्याच्याविरुद्ध वाचला गेला, की अमुक तारखेला माल होता, म्हणजे त्यानंतर गेला. मला साक्षीला बोलावलं नाही. मीही आपणहून गेलो नाही. दोन लहान मुली होत्या त्याला. त्याचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही, विचारायची सोय होती तरी.

कोलंबोही फसवतो असं नात म्हणाली, बटाट्यावरून. बरोबर आहे तिचं. पण तो खोटं बोलतो ते ब्रिमरशी. ज्याने विश्वासाने काम दिलं त्या माणसाशी नाही. मी काय केलं हे तिला तेव्हा सांगितलं नव्हतं. आज ती मागे बसली आहे.

गेल्या वर्षी कमिटीने मला इमारत दुरुस्तीची बिलं तपासायला दिली तेव्हा काहीजण नाराज झाले, की काका गच्चीवर जाऊन सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजत बसतात, कॉन्ट्रॅक्टरचा अपमान होतो. गोण्या बिलापेक्षा अकरा कमी भरल्या. तसं मी लिहून दिलं. कॉन्ट्रॅक्टरने तेवढे पैसे वळते करून दिले आणि वर मला पेढेही आणले. पेढे मी वॉचमनकडे ठेवायला सांगितले.

डीव्हीडी माझ्याकडे आहेत, तिसऱ्या मजल्यावर. ज्यांना हव्या त्यांनी वहीत सही करून न्याव्यात.