इंचाला साठ धागे : मापांच्या रूपांतराचा पाठ



आपल्या भिवंडी परिसरातील पुष्कळ मुले ज्या घरांतून शाळेत येतात, तेथे यंत्रमागाची भाषा नित्य कानी पडते. कापडाचा पन्हा ४४ इंच, धागे इंचाला ६०, असेच तेथे बोलले जाते. पाठ्यपुस्तकात मात्र सेंटिमीटर असतो. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, पण इंच काही मागावरून उतरला नाही. ही दोन मापे एकमेकांशी जोडून देण्याचे काम अर्थातच आपल्याकडे येते.

१ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. ही किंमत अदमासाची नव्हे. १९५९ साली इंग्रजी मापे वापरणाऱ्या प्रमुख राष्ट्रांनी ती नेमकी ठरवून घेतली. मुलांनी ती प्रथम पट्टीवर पाहावी. १० इंचांसमोर २५.४ सेंटिमीटरची रेघ येते. तोंडी हिशेबाला अडीच धरण्यास हरकत नाही. परंतु ४४ इंची पन्ह्याचे अडीचने ११० सेंटिमीटर होतात आणि खरे उत्तर १११.७६ आहे. पावणेदोन सेंटिमीटरांची ही तूट कापडाच्या व्यवहारात कोणी सोसणार नाही.

उलट रूपांतरासाठी ०.३९३७ हा निराळा गुणक पाठ करवून घेणे मला पसंत नाही. २.५४ ने भागावे, म्हणजे झाले.

खरी अडचण धाग्यांच्या उदाहरणात आहे. ‘इंच दिसला की गुणावे’ असे शिकलेला मुलगा इंचाला ६० धाग्यांचे सेंटिमीटरला १५२ धागे करतो, आणि त्यात काही वावगे आहे हे त्याला जाणवतही नाही. अशा वेळी नियम सांगत बसू नये. जाड कागदात एक इंचाची व एक सेंटिमीटरची अशा दोन चौकोनी खिडक्या कापाव्यात, त्या कापडावर ठेवाव्यात आणि भिंगातून धागे मोजवावेत. भिंग नसल्यास गोणपाट घ्यावे. त्याचे धागे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. लहान खिडकीत धागे कमीच मावणार, हे दिसताच मूल आपण होऊन भागाकाराकडे वळते व उत्तर सुमारे २३.६ काढते.

याच खिडक्या क्षेत्रफळाच्या पाठासाठी जपून ठेवाव्यात. इंचाच्या खिडकीत सेंटिमीटरचे चौकोन किती बसतील, असे विचारल्यास बहुतेक मुले अडीच म्हणतील. त्यांना ते आखून पाहू द्यावे. साडेसहाला थोडे कमी, म्हणजे सुमारे ६.४५ भरतात.