अखेरच्या तासाची मजुरी



ईश्वराच्या दयेवर बोलावयास कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. परंतु देवाची दया किती विपुल आहे हे सांगताना येशू ख्रिस्ताने जो एक दृष्टांत घेतला, तो मजुरीच्या तंट्याचा आहे. आणि मजुरीचे तंटे सोडविण्यातच आमची उमर गेली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, २० व्या अध्यायात, ही गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून मजूर लावतो. पुढे नऊला, बाराला, तीनला आणखी माणसे आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असता पाहतो, तो काही जण अजून उभेच. त्यांना कोणी कामावर घेतलेलेच नसते. तो त्यांनाही मळ्यात धाडतो. सायंकाळी प्रत्येकाच्या हातावर एकेक दिनार पडतो. पहाटेचे मजूर कुरकुरतात : आम्ही दिवसभर ऊन सोसले, हे तासभर राबले, तरी दाम सारखाच?

ही कुरकुर आम्हांला परकी नाही. समान कामास समान दाम हे आमच्या चळवळीचे ब्रीद. ही तक्रार आमच्या कचेरीत आली, तर आम्ही प्रथम करार पाहू. ठरला एक दिनार, मिळाला एक दिनार. तोही दिवस मावळताना. गरीब मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी द्यावे, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडकच होता. म्हणजे धन्याने दया केली ती स्वतःच्या पिशवीतून; कोणाच्या हक्काला कात्री लावून नव्हे.

हा मुद्दा गाठीशी बांधण्यासारखा आहे. दिवाळीला मिठाईचा पुडा हाती ठेवून वर्षाची थकबाकी गिळणारे मालक आम्ही पाहिले आहेत. ती दया नव्हे. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे फिर्याद नेते, असे याकोबाच्या पत्रात बजावले आहे. न्याय पुरा झाला, की त्यापुढे दयेचा प्रांत सुरू होतो.

आता त्या शेवटच्यांकडे पाहा. आजही मजूर नाक्यावर दहानंतर जो उभा राहतो, तो आळशी नसतो. म्हातारा, किडकिडीत किंवा गावात नवखा असतो. तासाची मजुरी म्हणजे दिनाराचा बारावा हिस्सा. तेवढ्यात चूल पेटत नाही. धन्याने तास मोजले नाहीत, भूक मोजली. ख्रिस्ती धर्म देवाची दया अशीच मानतो. ती लायकीच्या मापाने वाटली जात नाही, आणि एकाला पुरी मिळाली म्हणून दुसऱ्याची घटत नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंदिरांतून ईस्टरला संत योहान क्रिसोस्तम यांच्या नावावरचे प्रवचन वाचतात. त्यात अखेरच्या तासाला आलेल्यालाही, उपास न धरलेल्यालाही, मेजवानीचे आमंत्रण आहे.

याच दृष्टांतातले शब्द मथळ्यास घेऊन रस्किन यांनी १८६० साली अर्थशास्त्रावर निबंध लिहिले. गांधीजींनी ते १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि १९०८ साली ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत त्यांचा सारांश दिला.

माझे औदार्य तुला का सलते, असे धनी अखेर विचारतो. पहाटेच्या मजुराने काय उत्तर दिले, ते गोष्टीत नाही. कंत्राटी कामगाराची मागणी पुढे येते आणि कायम कामगार नाक मुरडतो, तेव्हा आमच्या सभेत हाच प्रश्न उभा राहतो. आपले माप पुरे पदरात पडल्यावर शेजाऱ्याचे भरलेले माप पाहून आनंद वाटावा, एवढे जरी आपणांस साधले, तरी त्या दयेचा एक कण आपल्या वाट्याला आला असे आम्ही समजू.