उतारावर ओझे ढकलते

दिवाळीच्या सुमारास कारखान्याची मोळी पडते आणि एका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेले २-२ ट्रेलर पाणंदीतून निघतात. वाट अरुंद, कडा पाटाच्या पाण्याने भुसभुशीत. अशा वेळी कोणीतरी म्हणतो, "अजून चार मोळ्या बसतील, टाका." या चार मोळ्याच पुढे महागात पडतात, बरं का!

आधी वाट पाहा. तोडीच्या आदल्या दिवशी शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत पायी जाऊन या. मोरी खचली आहे काय, विजेच्या तारा खाली लोंबताहेत काय, ते पाहा. वळणावर मागचा ट्रेलर ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाही, आतल्या अंगाने येतो. तेवढी जागा आहे ना, याची खात्री करा. पाटाचे पाणी दोन दिवस आधीच बंद ठेवा.

भरताना ऊस दोन्ही अंगांना सारखा रचा. रास जितकी उंच, तितका ट्रेलर लहानशा खड्ड्यातही कलंडतो.

चढावर क्लच झटक्याने सोडू नका. पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटू शकतो.

खरा घात उतारावर होतो. भरलेले ट्रेलर ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जड, आणि त्यांना बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. तेच ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल कधीही करू नका. ब्रेकची दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडा. सुटी राहिली तर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

रात्री लोंबत्या वाढ्यांआड मागचा लाल दिवा झाकला जातो. वाढे बांधून घ्या, ट्रेलरला मागे व बाजूंना रिफ्लेक्टर लावा. गाडी बंद पडून चाकांना दगड लावलेत, तर निघताना ते रस्त्यावरून उचला. मागून येणारा दुचाकीवाला आपल्याच गावचा असतो.

आणि कायदाही ध्यानात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. चार मोळ्यांचे पैसे यापुढे किती?

तेव्हा मंडळी, एक खेप वाढली तरी वाढू द्या. ऊस काट्यावर पोचावा आणि चालकही घरी पोचावा.