कोळशाचा हिशेब मांडणारे जेव्हन्स सर



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. आपल्या मुलांना या विषयावर आपलं ऐकायचं नसतं आणि आपल्याला आता त्या संधींचा उपयोग नाही, म्हणून मी तो बदलून मागितला. मी अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांबद्दल बोलणार आहे. बाई, हसू नका. दहावीला अर्थशास्त्राचे फक्त धड्याखालचे प्रश्न पाठ करून आलेली ती मीच.

त्यांची गाठ पडली ती माझ्या फजितीमुळे. आमच्या ऑफिसात रोज रात्री हिशेब जुळवणारा एक मोठा प्रोग्राम चालायचा. त्याला सहा तास लागत. माझ्या टीमने चार महिने खपून तो पन्नास मिनिटांवर आणला. वीज वाचली, सर्व्हरचं भाडं वाचलं. सादरीकरणात मी हिरव्या पानाचं चित्रसुद्धा टाकलं होतं. वर्षभराने बिल पाहिलं, तर पहिल्यापेक्षा जास्त! दोन दिवस चूक शोधली. चूक नव्हतीच. प्रोग्राम इतका झटपट होतोय म्हटल्यावर सगळ्या विभागांनी तो दर दोन तासांनी चालवायला घेतला होता. दिवसाला बारा वेळा पन्नास मिनिटं. करा गुणाकार. एक तरुण सहकारी म्हणाला, “मॅडम, हे तर जेव्हन्स.” मला वाटलं, नव्या सॉफ्टवेअरचं नाव असेल.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांचा जन्म १८३५ साली लिव्हरपूलचा. वडिलांचा लोखंडाचा व्यापार १८४८ मध्ये बुडाला. घरची ओढाताण बघून हा मुलगा लंडनचं कॉलेज पदवीआधीच सोडून १८५४ मध्ये सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस लावायच्या नोकरीला गेला. पगार चांगला होता. तरीही पाच वर्षांनी नोकरी सोडून पुन्हा कॉलेजच्या बाकावर येऊन बसला. आपल्यातल्या किती जणांना हे जमलं असतं? मला नाही. माझे तर तेव्हा हप्ते चालू होते.

एम.ए. झाल्यावर १८६३ मध्ये ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात ट्यूटर म्हणून लागले. हुद्दा लहान होता. त्या दिवसांत, तिशीही गाठलेली नसताना, त्यांनी १८६५ मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ हे पुस्तक काढलं. तेव्हा इंग्लंडचे कारखाने, रेल्वे, आगबोटी सगळं कोळशावर. खाणी संपतील अशी भीती लोकांना होती, पण यंत्रं सुधारतील आणि कोळसा कमी लागेल, असा दिलासाही होता. जेव्हन्स यांनी त्या दिलाशाचाच हिशेब मांडला. स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंडाला लागणारा कोळसा पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी झाला होता. आणि १८३० ते १८६३ या काळात तिथला एकूण खप? दहापट. लोखंड स्वस्त पडू लागलं, मागणी वाढली, नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या. माझ्या पन्नास मिनिटांचीच गोष्ट.

या पुस्तकाने त्यांचं नशीब पालटलं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी पार्लमेंटमध्ये त्याचा दाखला दिला, ग्लॅडस्टन यांच्या १८६६ च्या अंदाजपत्रकाच्या भाषणात त्याचे पडसाद उमटले, कोळशाच्या चौकशीसाठी आयोग बसला. त्याच वर्षी ओवेन्स कॉलेजने त्यांना प्राध्यापक केलं.

सगळं बरोबरच निघालं असं मात्र नाही. वाढ साडेतीन टक्क्यांनी चालू राहिली तर १९६१ साली ब्रिटनला २६० कोटी टन कोळसा लागेल, म्हणजे ही वाढ टिकणं शक्यच नाही, असं त्यांनी दाखवलं. वाढ थांबली खरी. १९१३ मध्ये उत्पादनाने शिखर गाठलं ते सुमारे २९ कोटी टनांवर. पण पेट्रोलियम कोळशाची जागा घेऊ शकेल, हे काही त्यांना पटलं नव्हतं. टंचाईची धास्ती त्यांच्या स्वभावातच असावी. केन्स यांनी सांगितलंय की जेव्हन्स यांनी कागदाचा एवढा साठा करून ठेवला होता, की त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनीही तो मुलांना संपला नव्हता. माझ्या आजीच्या कोठीत साखरेचे डबे असत, तसंच.

माझ्या पेशाशी त्यांचं आणखी एक नातं आहे. त्यांनी पियानोसारख्या पट्ट्या असलेलं, तर्कशास्त्राची विधानं दिली की निष्कर्ष दाखवणारं यंत्र बनवून घेतलं आणि १८७० मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं. आम्ही आज जे करतो त्याचं हे लाकडी खापरपणजोबा.

सर, बाई, पुढचं खास तुमच्यासाठी. या माणसाला वर्गात शिकवणं फार जड जाई. वर्गात शिरताना शिक्षेला उभं राहिल्यासारखं वाटतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. लंडनची प्राध्यापकी त्यांनी १८८० मध्ये लिखाणासाठी सोडली. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८८२ मध्ये, हेस्टिंग्जजवळ समुद्रात पोहताना ते बुडाले. वय ४६. या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचं आहे तेवढंच.

आता मुद्द्याचं. आपली तुकडी शाळेच्या छतावर सौर पॅनेल बसवणार आहे. आपल्या खजिनदाराने वाचणाऱ्या विजेचा तक्ताही काढलाय, आणि तो तक्ता पाहून मला माझं हिरवं पान आठवलं. वीज फुकट झाली की ऑफिसात एसी येईल, व्हरांड्यात रात्रभर दिवे जळतील. चित्रकलेच्या वर्गात उजेड वाढला तर माझी काहीच तक्रार नाही, आपण तिथे अंधारात डोळे फोडलेत. पण वाचलेल्या पैशाचं काय करायचं हे आधी ठरवू या. जेव्हन्स यांनीही ‘कोळसा जाळू नका’ असं म्हटलं नव्हतं. भरभराट आहे तोवर देशाचं कर्ज फेडून टाका, असा त्यांचा आग्रह होता. बिलातली बचत दरवर्षी प्रयोगशाळेच्या खात्यात जावी, असा लेखी ठराव व्हावा, एवढं माझं म्हणणं आहे. मुख्याध्यापिकाबाईंची हरकत नसेल तर मसुदा मी लिहून आणलाय. आणि शाळेची गेल्या तीन वर्षांची वीजबिलं ज्याच्याकडे असतील, त्याने जेवणाआधी मला भेटावं. जेवणानंतर कुणी सापडत नाही, हा दरवर्षीचा अनुभव आहे.