मैलांचा हिशेब होतो, श्रमांचा का नाही?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

इंधनकरासारखा रुक्ष विषय आजच्या अभ्यासवर्गासाठी का घेतला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. राज्यसंस्था काय मोजते आणि काय मोजण्याचे टाळते, यावरून ती कोणाच्या बाजूची आहे हे ओळखता येते. अमेरिकेतील ट्रक-वाहतुकीचा धंदा हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

तेथे डिझेलवर प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कर आहे. ट्रक एका राज्यात टाकी भरतो आणि ते डिझेल तीन राज्यांत जाळतो. मग कर कोणाचा? १९८३ साली ॲरिझोना, आयोवा आणि वॉशिंग्टन या राज्यांनी सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय इंधनकर करारात आज ४८ राज्ये आणि कॅनडाचे १० प्रांत आहेत. तत्त्व असे की, इंधन जेथे जळले तेथे कर. वाहतूकदार दर तिमाहीस आपल्या मूळ राज्याकडे एकच विवरणपत्र भरतो. ट्रक गॅलनमागे ६ मैल धावत असेल आणि एखाद्या राज्यात ६०० मैल धावला असेल, तर तेथे १०० गॅलन जळले असे धरायचे. त्या राज्यात पंपावर दिलेला कर वजा करून उरलेला भरायचा किंवा जादा गेलेला परत घ्यायचा. सार्वजनिक महसूल न्याय्य रीतीने वाटता येतो, हे या व्यवस्थेने सिद्ध केले आहे.

पण हे मैल कापणाऱ्या माणसाचे काय? कित्येक कंपन्या चालकाला नोकरीवर ठेवतच नाहीत. त्या त्याला ट्रक भाडेपट्ट्याने देतात, हप्ते फिटले की ट्रक तुझा होईल असे आश्वासन देतात आणि कागदोपत्री त्याला स्वतंत्र व्यावसायिक ठरवतात. डिझेल, विमा, दुरुस्ती यांचा खर्च त्याच्याच कमाईतून कापला जातो. इंधनकर कोणी सोसायचा, हे भाडेपट्ट्यात स्पष्ट लिहिले पाहिजे असा केंद्रीय नियम आहे. परंतु करार लिहिणारा हात कंपनीचा असतो. काम कमी मिळाले की हप्ता थकतो, करार तुटतो, भरलेले पैसे बुडतात आणि तोच ट्रक दुसऱ्या चालकाच्या गळ्यात बांधला जातो.

मजुरीही बहुधा मैलावर. गोदामाच्या दारात ताटकळण्यात गेलेले तास पुष्कळदा फुकट जातात. १९३८ च्या श्रममान कायद्यातील जादा वेतनाची तरतूद आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या अवजड ट्रकच्या चालकांना लागूच नाही. उभ्या ट्रकचे मैल भरत नाहीत, म्हणून उभ्या माणसाला मोल नाही!

याविरुद्ध लढा चालू आहे. अशा कंत्राटी चालकांवर केंद्रीय लवाद कायद्याखाली लवादाची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. २०२१ च्या कायद्यान्वये नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी २०२५ मध्ये, हप्त्यांवर ट्रक देणाऱ्या या करारांवर बंदी घालावी, अशी शिफारस केली.

आता आपल्याकडे पाहू. डिझेल वस्तू व सेवा कराबाहेर आहे. राज्याचा कर जेथे विक्री होते तेथे मिळतो, तर केंद्राच्या उपकरांत राज्यांना वाटा नाही. अर्थात, आपण महसुलाचाही न्याय्य हिशेब साधलेला नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती. महामार्गावर ती किती पाळली गेली, हे कोणत्याही ढाब्यावर चालकांना विचारा. ट्रक कोणत्या नाक्यावरून केव्हा गेला, हे आज फास्टॅग नोंदवतो. त्यात कोणता माल होता, हे ई-वे बिल सांगते. मग चालक किती तास चाकावर होता आणि किती तास ताटकळला, याचीच नोंद अशक्य कशी?

साथींनो, जी राज्यसंस्था मालाच्या वाटेवर इतकी नजर ठेवू शकते, तिला श्रमिकाच्या तासांचा हिशेब जमत नाही, हे आपण मान्य करता कामा नये. चाकावरचा आणि ताटकळण्याचा प्रत्येक तास नोंदला जावा आणि त्याचे वेतन मिळावे, ही मागणी घेऊन आपण मालधक्क्यांवर आणि ट्रक-अड्ड्यांवर गेले पाहिजे. हिशेब मागितल्याशिवाय तो कोणी देत नाही.