अठरा वर्षांचा मतदार आणि कॉलेजची निवडणूक

अठरा वर्षं पूर्ण झालेली विद्यार्थिनी लोकसभेला मत देते, ग्रामपंचायतीला देते. आपल्या वर्गाचा प्रतिनिधी मात्र तिला निवडता येत नाही. ६१व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९पासून मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं, आणि जेमतेम पाच वर्षांनी, १९९४च्या विद्यापीठ कायद्याने, महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधल्या थेट निवडणुका बंद झाल्या. गुणवत्ता यादीवर वर आलेले विद्यार्थी प्रतिनिधी ठरू लागले. हल्लीच्या पोरांना चालू घडामोडींवर धड मत नसतं, असं ज्येष्ठ मंडळी वरचेवर म्हणतात. मत असतं हो, चिक्कार असतं. पण त्या मताचा जाब कुणी विचारत नाही, म्हणून ते कच्चं राहतं. जाब देण्याची सवय लावायची तर कॉलेजच्या निवडणुका परत सुरू करायला हव्यात, असं मला वाटतं.

तालुक्याच्या कॉलेजचंच घ्या. प्रात्यक्षिक साडेचारला सुटणार आणि गावाकडची एसटी चारला निघणार, हे दुखणं कुठल्याही ग्रामीण विद्यार्थ्याला सांगावं लागत नाही. महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत देतं, म्हणजे तिकिटाचा जेमतेम तिसरा हिस्सा भरावा लागतो. पण गाडी गेल्यावर पासाचं करायचं काय? वेळ बदलून घ्यायची तर आगार व्यवस्थापकांकडे अर्ज हवा, कोणत्या गावची किती मुलं अडकतात याची यादी हवी, प्राचार्यांचं पत्र हवं, आणि अर्जाचं काय झालं हे विचारायला पुन्हा पुन्हा जाणारं कुणीतरी हवं. हे काम वर्गातल्या पहिल्या नंबराने का करावं? तो कदाचित कॉलेजशेजारीच राहत असेल. निवडून आलेल्याला मात्र ते टाळता येत नाही, कारण पुढच्या वर्षी तीच मुलं हिशोब मागतात. अशी एक यादी करताना महामंडळाचा तोटा, चालकांची कमतरता, डिझेलचा खर्च हे सगळं आपसूक अभ्यासावं लागतं. मग एसटीच्या संपावर त्या मुलाचं जे मत होईल, ते मोबाइलवरून पुढे ढकललेलं नसेल.

पहिला आक्षेप मारामाऱ्यांचा, आणि तो खोटा नाही. या निवडणुकांनी आपल्याकडे रक्त सांडलेलं आहे. म्हणूनच विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या २००६च्या शिफारशी महत्त्वाच्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टरं बंद, ७५ टक्के हजेरी, पक्षांना मज्जाव. (पाच हजारांत गल्लीतल्या दादाच्या वाढदिवसाचे फ्लेक्ससुद्धा भागत नाहीत, हे त्या मर्यादेचं भूषणच.) नियम कागदावरच राहतात म्हणाल, तर २०२४मध्ये दिल्ली विद्यापीठात भिंती विद्रूप केल्या म्हणून उच्च न्यायालयाने मतमोजणीच थांबवली; साफसफाईनंतर, नोव्हेंबरात, निकाल लागले. नियम मोडले गेले आणि त्याची किंमतही मोजावी लागली. निवडणूकच न घेतल्याने हा धडा कुणालाच मिळत नाही.

दुसरा आक्षेप, कॉलेजात राजकारण नको. ते तर आधीच आत आलेलं आहे! सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहाच्या दहा जागा युवासेनेने, म्हणजे शिवसेनेच्या (ठाकरे गट) युवक संघटनेने, जिंकल्या. युवासेनेला दोष देण्याचं कारण नाही. त्यांनी रीतसर निवडणूक लढवली. पण पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना मत आहे आणि आज फी भरून वर्गात बसणाऱ्यांना नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? अभ्यास बुडतो ही तक्रार त्या मानाने किरकोळ आहे. गॅदरिंगला जेवढे दिवस जातात, त्याहून हे दिवस जास्त नसतात.

२०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली आणि तो १ मार्च २०१७पासून लागूही झाला. २०१९मध्ये कॉलेजांना वेळापत्रक मिळालं, पण विधानसभा निवडणूक आली म्हणून ते लांबलं. मागोमाग कोरोना आला, आणि त्या निवडणुका राहूनच गेल्या. त्या विधानसभेला याच मुलांनी रांगेत उभं राहून मतं दिली होती.